किडकिडीत अंगातली शुगर

शुगर हा बसून खाणाऱ्यांचा आजार. भाकरी खाऊन रानात राबणाऱ्याला ती कशाला होईल, हा समज धाराशिव जिल्ह्यात अजून मुरलेला आहे. आयसीएमआर-इंडियाब ही देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. शहरांत प्रौढांपैकी १६.४ टक्के, तर खेड्यांत ८.९ टक्के. गावाला सूट मिळाली असं म्हणण्याइतका हा फरक नाही. माझं म्हणणं आणखी पुढचं आहे: पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ सोसलेल्या मुलखात अर्धपोटी राहण्यानं या आजारापासून संरक्षण तर मिळालं नाहीच, उलट त्याची वाट सोपी झाली.

याचा पुरावा महाराष्ट्रातलाच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास होतं, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५. पण हाडकुळ्या दिसणाऱ्या या बाळांत चरबी त्या मानानं टिकून होती. कमी पडले होते ते स्नायू. जेवणानंतर रक्तातली साखर सर्वाधिक उचलतात ते स्नायूच. इन्सुलिन बनवणारं स्वादुपिंडही आईच्या पोटातच घडतं, आणि तिथं उपासमार झाली तर त्याची क्षमता तोकडी राहू शकते. पुढे भरपेट खाणं आलं, श्रम घटले, की असं शरीर अंगावर मांस चढण्याआधीच हात टेकतं. हॉलंडमध्ये १९४४-४५च्या उपासमारीत पोटात असलेल्या मुलांच्या शरीरात प्रौढपणी साखर नीट जिरत नसल्याचं आढळलं. १९७२च्या दुष्काळात आईच्या पोटात असलेले इथले लोक आज पन्नाशीपार आहेत. तपासणीला त्यांनी सर्वांत आधी जावं, असं मला वाटतं.

यावर कुणी म्हणेल, आमच्या आज्यापणज्यांना कुठे होती शुगर? ते राबत होते, लवकर जात होते आणि त्यांचं रक्त तपासायला कुणी नव्हतं. आता नांगरट ट्रॅक्टर करतो, रानात मोटारसायकलवर जाणं होतं, खरिपाची ज्वारी जाऊन सोयाबीन आलं, रेशनचा गहू-तांदूळ आला आणि दिवसभर गोड चहा चालू असतो. ज्वारी चांगली खरी, पण ती औषध नव्हे. ठेच्यासोबत चार भाकरी खाल्ल्या तर साखर वाढणारच. दीड भाकरी, वाटीभर तुरीचं वरण, मटकीची उसळ आणि पालेभाजी हा हिशेब निराळा. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पोटातच ठरलं असेल, तर आता करून काय उपयोग? चेन्नईत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २००६ साली आला. तीन वर्षं नियमित चालणं आणि आहारात बदल, एवढ्यानं मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटलं. मधुमेहाच्या गोळ्यांनी किडनी जाते, हा तिसरा आक्षेप तर निव्वळ गैरसमज. किडनी पोखरते ती वर्षानुवर्षं आटोक्याबाहेर राहिलेली साखर.

म्हणून वजनकाट्यावर विसंबू नये. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकानं, तो कितीही सडसडीत असो, उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावं. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त, अथवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ६.५ किंवा जास्त आली, तर पुन्हा तपासून निदान पक्कं करतात. खरा प्रतिबंध मात्र त्याच्या कितीतरी आधी, घरातल्या मुलीच्या ताटात सुरू होतो. लेकाला अंडं-दूध आणि लेकीला उरलंसुरलं, ही जुनी रीत पुढच्या पिढीच्या स्वादुपिंडापर्यंत पोचते.

ज्यांना शुगर आहे त्यांच्यासाठी या जिल्ह्यात एक वेगळी जोखीम आहे. कोजागरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांत अनवाणी भाविक पुष्कळ असतात. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना जाते. काटा रुतला, फोड फुटला तरी कळत नाही आणि जखम चिघळली की बोट किंवा पाय कापायची वेळ येते. अशांनी पायात चप्पल-बूट घालूनच निघावं, मुक्कामावर तळवे घरच्यांकडून पाहून घ्यावेत, आणि नवरात्राचे उपवास धरण्याआधी गोळ्यांचं प्रमाण डॉक्टरांकडून बदलून घ्यावं.