एक रांग आणि तीन प्रिंटर

धानाचा हंगाम आला कीं सौंदडसारख्या गांवीं कागदाला मोल चढतें. आधारभूत खरेदी केंद्रावर नांव नोंदवावयाचें तर सात-बारा उतारा हवा. आणि गोंदिया जिल्ह्याच्या या भागांत धान हेंच मुख्य पीक, तेव्हां सारीं माणसें एकाच सुमारास उताऱ्यासाठीं लोटतात. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा २०१८ सालापासून मिळूं लागला. सहीसाठीं थांबणें त्यामुळें संपलें, पण छपाईसाठीं थांबणें राहिलें.

समजा, एखाद्या सेवा केंद्रांत तीन संगणक आहेत व प्रत्येकाला आपापला प्रिंटर जोडला आहे. पहिल्यावर कोणाचे साठ कागद निघत आहेत. मागचा शेतकरी एका पानासाठीं ताटकळतो, आणि शेजारचा प्रिंटर स्वस्थ बसलेला असतो! कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींतील एर्लांग या गणितज्ञानें १९०९ पासून अशाच गर्दीचें गणित मांडलें. त्या शास्त्राप्रमाणें प्रत्येक खिडकीपुढें निराळी रांग लावण्यापेक्षां सर्वांची एक रांग करून मोकळ्या खिडकीकडे पुढचा माणूस धाडणें केव्हांही सोयीचें.

लिनक्स संगणकांवर चालणारी 'कप्स' ही छपाई-व्यवस्था १९९९ मध्यें बाहेर पडली. तींत अनेक प्रिंटरांचा एक 'वर्ग' बांधतां येतो. काम वर्गाच्या नांवानें धाडावयाचें. जो प्रिंटर मोकळा असेल त्याच्याकडे तें जातें, आणि सारेच मोकळे असल्यास पाळीपाळीनें वांटलें जातें. विंडोजमध्येंही अशी सोय आहे, मात्र तेथें सर्व प्रिंटर एकाच चालक-प्रणालीवर चालणारे हवेत.

परंतु कप्सचा वर्ग मोकळेपणा पाहतो, पानें मोजीत नाहीं. मिनिटाला वीस पानें काढणाऱ्या तिन्ही प्रिंटरांवर साठ-साठ पानांचीं कामें एकदम आलीं, तर एका पानाच्या धन्याला तीन मिनिटें उभें राहावें लागतें. त्यावर तोड अशी: दोन वर्ग करावे. लहान कामांच्या वर्गांत तिन्ही प्रिंटर घालावे, मोठ्या कामांच्या वर्गांत दोनच. एक प्रिंटर दोन्हींकडे असला तरी चालतो. मग तिसरा यंत्रराज मोठ्या कामाखालीं कधींच सांपडत नाहीं. कोणतें काम लहान, हें माणसानें ठरवावें, किंवा पानें मोजून काम योग्य प्रिंटरकडे वळविणारा छोटा कार्यक्रम जाणत्याकडून लिहवून घ्यावा.

खरा घात निराळाच असतो. बिघडलेल्या प्रिंटरला 'काम टाकून पुढें चला' अशी आज्ञा असेल, तर तो कामें झटपट फेकतो. दोन धडधाकट प्रिंटर शेजारीं असतांना उतारे एकामागून एक नाहींसे होतात, आणि खिडकीवरचा माणूस संगणकाला दोष देतो. तेव्हां आज्ञा 'बिघडल्यास थांबा' अशीच हवी. मग काम हरवत नाहीं, आणि कोणता प्रिंटर थांबला तें कळतें.

आणखी एक गोष्ट राहते. वर्गांतून आलेला कागद कोणत्या तबकांत पडेल हें आधीं कळत नाहीं. प्रिंटर दोन खोल्यांत असले तर शेतकरी इकडून तिकडे धांवेल, आणि एकाच्या जमिनीचा कागद दुसऱ्याच्या हातीं पडेल. यासाठीं तिन्ही प्रिंटर एकाच टेबलावर मांडावे, आणि प्रत्येक कामापुढें नांवाचें एक पान आपोआप निघेल अशी योजना करावी. कप्समध्यें तीही सोय आहे. कागद थोडा अधिक लागतो इतकेंच.