बळ खांद्यात की यंत्रात?

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यात फिरायला जाणाऱ्यांना तटातल्या जंग्या ओळखीच्या असतील. आडोशाला राहून बाहेर मारा करण्यासाठी ठेवलेल्या या अरुंद फटी. त्यांच्यामागे उभ्या असलेल्या शिपायाच्या हाती धनुष्य होते की बंदूक, यावर त्याचे शरीर कसे घडवावे लागे हेही ठरत असे.

साधे धनुष्य स्नायूंवर चालते. बाण सुटेपर्यंत ताणलेली दोरी पाठीच्या आणि खांद्याच्या बळावर धरून ठेवावी लागते. १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोज’ या इंग्रजी जहाजावर सापडलेल्या धनुष्यांची ओढ अंदाजे ४५ ते ८० किलोंची होती. तिथल्या काही सांगाड्यांत खांद्याच्या टोकाचे हाड जुळलेलेच नाही. हे हाड साधारण विशीच्या आसपास जुळते. त्याआधीपासून रोज इतका ताण पडल्याने जुळणी राहून गेली असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

क्रॉसबोने हा भार शरीरावरून काढून घेतला. लाकडी दांड्यावर आडवे बसवलेले हे धनुष्य. पुढच्या रिकिबीत पाय घालून किंवा चरकी फिरवून दोरी ओढायची, ती खाचेत अडकते. मग निवांत नेम धरून खटका दाबायचा. काही आठवड्यांच्या सरावाने कामचलाऊ नेमबाज तयार होई. तोटाही होता. दोरी जेमतेम वीतभर मागे येते, त्यामुळे ओढ कितीतरी पट असूनही बाणाला मिळणारी ऊर्जा त्या पटीत वाढत नाही. शिवाय भरायला वेळ लागतो. १३४६ मध्ये क्रेसीच्या लढाईत जिनोआचे भाडोत्री क्रॉसबोवाले इंग्रज धनुर्धरांच्या झपाट्यापुढे टिकले नाहीत. तटाआडून मात्र हेच हत्यार घातक. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९९ मध्ये शालूच्या वेढ्यात खांद्यात बाण लागून जखमी झाला आणि जखम सडून काही दिवसांत मेला. बाण घुसण्याइतकेच तो काढणे जिवावर बेतणारे. आपल्या ‘शल्यचिकित्सा’ या शब्दातले शल्य म्हणजे शरीरात रुतलेली अशीच वस्तू; सुश्रुतसंहितेत ती काढण्याचे पंधरा उपाय दिले आहेत.

दख्खनमध्ये क्रॉसबोचे प्रस्थ वाढले नाही. इथे मान घोडेस्वार धनुर्धराला होता, आणि धावत्या घोड्यावर क्रॉसबो भरणे म्हणजे कसरतच. लाकूड, शिंग आणि स्नायुतंतू सरसाने जोडलेले आखूड धनुष्य त्याच्या कामाचे. दमट हवेत सरस सैल पडे, ही त्याची मेख. सोलापूरपासून शंभरेक किलोमीटरवरच्या विजापुरात इतिहास लिहिणारा फिरिश्ता सांगतो, की बहामनींकडून वारंवार मार का खावा लागतो, असे विजयनगरच्या दुसऱ्या देवरायाने विचारले, तेव्हा उत्तर मिळाले: त्यांचे घोडे आणि त्यांचे तिरंदाज. देवरायाने मग दोन हजार मुसलमान तिरंदाज चाकरीस ठेवले आणि आपल्या सैनिकांना त्यांच्याकडून शिकवून घेतले. तयार खांदा विकत घेण्याचाच हा प्रकार!

पुढे सोळाव्या शतकात सोलापूरसाठी निजामशाही आणि आदिलशाही झुंजल्या, तोवर तोड्याची बंदूक येऊन पोहोचली होती. युरोपात क्रॉसबोने जे केले, ते इथे तिने केले. जंगीआडच्या शिपायाला आता खांदा कमावायचा नव्हता. दारू कोरडी ठेवायची होती आणि जळता तोडा विझू द्यायचा नव्हता.