खुर्ची मिळाली, पण उंचीचे काय?

चेन्नईच्या टी. नगरमधील रंगनाथन स्ट्रीट म्हणजे साड्या, कापड, भांडी यांचा गजबजलेला बाजार. अशा दुकानांतून काम करणाऱ्या मुलींना दिवसभर उभे राहावे लागे. गिऱ्हाईक नसले तरी बसायची सोय नसे. पाय सुजत, कंबर धरे. केरळने २०१८ मध्ये दुकानातील नोकरांना बसण्याचा हक्क दिला. सप्टेंबर २०२१ मध्ये तामिळनाडूनेही १९४७ च्या आपल्या दुकाने व आस्थापना कायद्यात २२-अ हे कलम घालून प्रत्येक कर्मचाऱ्यासाठी बसण्याची योग्य सोय सक्तीची केली.

कायद्याने आसन मिळाले, पण ते अंगाला जुळवून घेणे ज्याच्या त्याच्या हाती. त्याच शहरातील वातानुकूलित कचेऱ्यांत महागड्या खुर्च्या असतात, त्यांना दांडेही असतात. पण त्यांना हात कोण लावतो?

सुरुवात टेबलापासून करावी. खांदे सैल सोडून बसल्यावर कोपरे टेबलाच्या पातळीत येतील इतकी खुर्ची वर घ्या. बैठकीखालचा दांडा ओढून अंगाचा भार किंचित उचलला की ती वर येते. टेबले साधारण अडीच फूट उंच असतात, त्यामुळे ठेंगण्या बाईचे पाय अधांतरी लोंबकळतात. बैठकीची कड मांडीखाली रुतते आणि पायांना मुंग्या येतात. यावर स्वयंपाकघरातील पाट उत्तम! तो पायांखाली सरकवला की काम झाले. गुडघ्यामागे दोन-तीन बोटे जागा राहावी. पाठ मात्र मागे पूर्ण टेकलेली हवी. कंबरेपाशी पोकळी राहत असेल तर टॉवेलची गुंडाळी ठेवावी. पाठ अगदी काटकोनात ताठ धरायचा अट्टहास नको. किंचित मागे रेलल्याने मणक्यांवरचा भार हलका होतो. संगणकाच्या पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत असावी, म्हणजे मान वाकत नाही.

कितीही चांगली खुर्ची असली तरी अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावेच लागते.

दुकानातील स्टूल सहसा वर-खाली होत नाही. गल्ल्यामागे उंच स्टूल असेल तर पाय टेकायला आडवी पट्टी हवी. आणि एकच खुर्ची दोन पाळ्यांत दोघी वापरत असतील तर दुसरीने बसण्याआधी ती आपल्या मापाची करून घ्यावी. त्याला अर्धे मिनिटही लागत नाही.