विश्लेषण : संविधानाच्या उद्देशिकेत ‘बंधुता’ आली कुठून?

न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता. उद्देशिकेतील हे चार शब्द शाळेपासूनच पाठ असतात. मात्र यातील शेवटचा शब्द मूळ ठरावात नव्हता.

मूळ ठराव काय होता?
पंडित जवाहरलाल नेहरूंनी १३ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत उद्दिष्टांचा ठराव मांडला. २२ जानेवारी १९४७ रोजी तो मंजूर झाला. उद्देशिकेचा पाया हाच. त्यात न्याय, स्वातंत्र्य, समता होती. बंधुतेचा उल्लेख नव्हता.

मग हा शब्द कोणी घातला?
डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने. फेब्रुवारी १९४८ मध्ये मसुदा सादर करताना समितीने कारणही दिले : देशाला बंधुभाव आणि सलोख्याची इतकी गरज यापूर्वी कधीच नव्हती. फाळणीच्या जखमा ताज्या होत्या. गांधीजींच्या हत्येला महिनाही झाला नव्हता.

याने फरक काय पडतो?
कलम १४ कायद्यापुढे समानता देते, कलम १७ अस्पृश्यता नष्ट करते. पण शेजाऱ्याला बरोबरीचा माणूस मानण्याची सक्ती कोणतेही कलम करू शकत नाही. म्हणूनच उद्देशिकेत व्यक्तीची प्रतिष्ठा आणि राष्ट्राची एकता या दोन्ही गोष्टी बंधुतेशी जोडल्या आहेत.

बाबासाहेबांचा इशारा काय होता?
राजकारणात एक व्यक्ती एक मत, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती लवकर दूर केली नाही तर लोकशाहीच धोक्यात येईल, असे त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी सांगितले. दुसऱ्याच दिवशी संविधान स्वीकारले गेले. इशारा मात्र आजही लागू आहे.