जोर नको, सावकाश

डिसेंबरात पुण्यात मॅरेथॉन असते. तिच्या आधी टेकड्यांवर पळणाऱ्यांची गर्दी वाढते आणि पळून थांबल्यावर खोकणाऱ्यांचीही. त्या खोकल्यामागे श्वासनलिकांची सूज आहे का, हे एका फुंकरीत सांगणारं यंत्र शहरात आहे, असं कानावर आलं. संपादकांनी लगेच एका फुप्फुसतपासणी केंद्रात धाडलं.

यंत्र टेबलाच्या कोपऱ्यात मावतं. सुई नाही, रक्त नाही, घशात नळी नाही. उच्छ्वासातला नायट्रिक ऑक्साइड ते मोजतं, तोही हवेच्या शंभर कोटी भागांत किती भाग, इतक्या बारकाईने. एरवी आपण या वायूचं नाव गाड्यांच्या धुराच्या संदर्भात ऐकलेलं असतं. माणसाच्या उच्छ्वासातही तो असतो, हे १९९१ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी दाखवलं. दमेकऱ्यांच्या उच्छ्वासात तो जास्त असतो, हे १९९३ मध्ये. मोठ्या माणसांत २५ च्या खालचा आकडा कमी आणि ५० च्या वरचा जास्त धरतात. मुलांसाठी हेच आकडे २० आणि ३५.

मी रेंगाळलो ते तिथल्या तंत्रज्ञ ताईंपाशी. समोर शाळेच्या संघातून पळणारा एक मुलगा होता. पूर्ण श्वास घेऊन त्याने सगळा जोर लावून फुंकलं आणि यंत्राने ती फुंकर नाकारली. ‘‘जोर नको बाळा, सावकाश. पडद्याकडे बघ,’’ ताई म्हणाल्या. सेकंदाला ५० मिलिलिटर, सलग दहा सेकंद, एकाच वेगाने. त्याहून जलद किंवा मंद झालं की पुन्हा पहिल्यापासून. पळणाऱ्या मुलांना हे सगळ्यात अवघड जातं, असा ताईंचा अनुभव. जोर लावणं त्यांच्या अंगातच असतं.

हा हट्ट कशासाठी? वायू श्वासनलिकांच्या भिंतींतून पाझरतो. हवा सावकाश गेली तर तो जास्त मिसळतो, वेगात गेली तर कमी. वेग बदलला की आकडाही बदलतो. शिवाय नाकाजवळच्या पोकळ्यांत हाच वायू कितीतरी अधिक असतो. तो मिसळू नये म्हणून यंत्र फुंकरीला थोडा विरोध करतं; त्या दाबाने मऊ टाळू वर उचललं जातं आणि नाकाची वाट बंद होते. इतका नेमका विचार एका फुंकरीमागे आहे, हे पाहून मी खरोखर थक्क झालो.

मग मुलगा ट्रेडमिलवर चढला. हा क्रम ठरलेला आहे, कारण पळण्यानेही आकडा उतरतो. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. जोरात पळताना ती शंभराच्या पुढे जाते, तोंडावाटे आणि कोरडीच. नलिकांच्या अस्तरातलं पाणी उडतं, उरलेला द्रव खारट होतो, पेशी चिथावल्या जातात आणि नलिका आवळतात. सहा-आठ मिनिटं पळून झाल्यावर नाकाला चिमटा लावून स्पायरोमेट्री, म्हणजे जोरात फुंकून बाहेर पडणारी हवा मोजणं. पाच, दहा, पंधरा आणि तीस मिनिटांनी. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा पळण्याआधीपेक्षा दहा टक्के किंवा अधिक घटली, तर नलिका आवळल्या असं मानतात.

याला कमजोरी समजू नये. १९८४ च्या अमेरिकी ऑलिंपिक चमूतल्या ५९७ खेळाडूंपैकी ६७ जणांना हा त्रास होता, आणि त्यांनी ४१ पदकं जिंकली.

अडचणी मात्र मोठ्या आहेत. पहिली त्या हट्टातूनच येते. धापा टाकणाऱ्याला दहा सेकंद संथ फुंकर कशी जमणार? म्हणजे व्यायामात काय घडतं हे पाहायला निघालेली चाचणी व्यायाम चालू असताना करता येत नाही. दुसरी अडचण मला अधिक काळजीची वाटते: हे यंत्र मुख्यतः ॲलर्जीच्या जातीची सूज ओळखतं. तरणतलावाच्या क्लोरीनने किंवा वर्षानुवर्षांच्या थंड, कोरड्या हवेने नलिकांचं अस्तर दुखावलं असेल, तर आकडा सरळ असू शकतो. पळताना स्वरयंत्रच आक्रसत असेल आणि श्वास आत घेताना आवाज येत असेल, तर ते याला कळत नाही. सिगारेट आकडा खाली आणते, आदल्या जेवणातली पालेभाजी वर नेते. त्यात सेन्सर ठरावीक चाचण्यांनंतर किंवा मुदत संपली की बदलावा लागतो, त्यामुळे रुग्ण कमी असलेल्या गावात ही चाचणी परवडणं कठीण.

म्हणून एकट्या आकड्यावर कुणाला आजारी ठरवू नये, आणि निर्धास्तही करू नये. क्रीडाशिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती आहे. पळून थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी मूल खोकत असेल, छाती आवळते म्हणत असेल, तर ‘स्टॅमिना नाही’ म्हणून त्याला संघातून काढू नका. डॉक्टरांकडे नेऊन पळण्याआधीची आणि नंतरची स्पायरोमेट्री करून घ्या. निदान झालं तर औषध आहे, आणि ते नीट घेऊन मूल पळू शकतं.