किनमेन: तटबंदीच्या आतले आणि बाहेरचे बेट

तैवानच्या छापील नकाशात किनमेन बहुधा एका कोपऱ्यात, वेगळ्या चौकटीत दाखवलेले असते. त्याला नकाशात नीट जागा देता येत नाही, कारण हे बेट तैवानपासून सुमारे २०० किलोमीटर पश्चिमेला, चीनच्या फूजियान प्रांताच्या अगदी कुशीत आहे. शियामेन हे चीनचे गजबजलेले बंदर येथून १० किलोमीटरच्या आसपास. काही ठिकाणी तर दोन्ही किनाऱ्यांमधले पाणी जेमतेम २ किलोमीटरचे. तरीही किनमेनवर राज्य चालते ते तैपेईचे. मुख्य बेट, शेजारचे लियेयू आणि काही खडकाळ बेटुकली मिळून सुमारे १५० चौरस किलोमीटरची ही काउंटी. गेल्या सहा शतकांत तिच्यावर ज्यांची सत्ता आली, त्यांपैकी बहुतेकांनी तिची तटबंदी केली. मात्र त्या तटांनी राखायचे होते ते दुसऱ्याच कुणाला: कधी मागच्या किनाऱ्याला, कधी समोरच्या समुद्रापारच्या राजधानीला.

बेटाचे नावच मुळी किल्ल्यावरून पडले आहे. मिंग राजवटीचा पहिला सम्राट होंगवू याच्या काळात, १३८७ साली, सरदार चौ दशिंग याने फूजियानच्या किनाऱ्यावर लष्करी ठाण्यांची साखळी उभारली. चाच्यांना अडवणे हा तिचा हेतू. या बेटावरही दगडी तटाचे ठाणे झाले. ‘धातूसारखे अभेद्य, समुद्राच्या दारावर खंबीर’ अशा अर्थाच्या चिनी शब्दांतून ‘जिनमेन’, म्हणजे सोन्याचे दार, हे नाव रूढ झाले. ‘किनमेन’ हे त्याचेच परदेशी लेखनात स्थिरावलेले रूप. दार हा शब्द नेमका आहे. दार घरासाठी असते, आणि घर येथे मुख्य भूमीवर होते.

सतराव्या शतकात या दाराची दिशा उलटली. १६३३ साली बेटाच्या दक्षिणेकडील ल्याओलुओ उपसागरात मिंग आरमाराचा सेनानी झेंग झिलोंग याने डच जहाजांचा पराभव केला. त्याचाच मुलगा झेंग चेंगगोंग, ज्याला युरोपीय कागदपत्रे कोक्सिंगा म्हणतात, याने मांचू सत्तेविरुद्धच्या लढ्यात किनमेन आणि शियामेन हे आपले तळ केले आणि १६६१ च्या वसंतात याच उपसागरातून डचांच्या ताब्यातील तैवानवर आरमार नेले. पुढच्या वर्षी डच शरण आले. बेटाच्या वाट्याला या पराक्रमातून काय आले? झेंगच्या जहाजांसाठी किनमेनची वनराई तोडली गेली, असे बेटावर परंपरेने सांगितले जाते. १६६३ मध्ये मांचू फौजांनी बेट जिंकले, आणि झेंगच्या पक्षाला किनाऱ्याची रसद मिळू नये म्हणून रहिवाशांना घरेदारे सोडून आत, मुख्य भूमीवर हाकलण्यात आले. लोक परतले तेव्हा उघड्या जमिनीवरून ईशान्येचा वारा वाळू उडवीत होता. गावांच्या वेशीवर आजही दिसणारे दगडी ‘वारा-सिंह’ या वाऱ्याला आवरण्यासाठी बसवलेले आहेत. किल्ल्यांच्या इतिहासात अशा राखणदारांची नोंद सहसा होत नाही. किनमेनमध्ये मात्र सर्वांत जुनी आणि अजूनही कामावर असलेली तटबंदी हीच म्हणावी लागेल.

पिके तुटपुंजी, वारा अखंड. १८४२ नंतर शियामेन बंदर परकीय व्यापाराला खुले झाले, तसे किनमेनचे तरुण सिंगापूर, मलाया आणि डच ईस्ट इंडीजकडे निघाले. त्यांनी पाठवलेल्या पैशांतून गावाकडे घरे उठली: खाली चिनी चौक, समोर युरोपीय धाटणीचे खांब आणि सज्जे. परदेशातून पैसा येतो, हे चाच्यांनाही कळले. १९१५ साली किनमेन स्वतंत्र काउंटी झाली खरी, पण सरकारचे संरक्षण दूरच राहिले. म्हणून शुइटो गावात इंडोनेशियातील व्यापारातून श्रीमंत झालेल्या हुआंग घराण्याने १९३१ च्या सुमारास स्वतःचा उंच बुरूज बांधला. भिंतीत बंदुकीसाठी जंग्या, खाली निसटण्यासाठी भुयार, शेजारी राहते घर. किनमेनच्या सगळ्या तटबंदीत रहिवाशांनी स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या कुटुंबासाठी उभारलेली ही वास्तू वेगळी उठून दिसते. परदेशी गेलेल्यांचा गावावरचा जीव आणि गावाबद्दलची धास्ती, दोन्ही त्या एकाच भिंतीत चिणलेले आहेत. १९३७ मध्ये जपानी फौजा उतरल्या, तेव्हा अशा बुरुजांचा अर्थातच उपयोग झाला नाही.

जपानी १९४५ मध्ये गेले आणि चारच वर्षांत यादवी युद्धात हरलेले राष्ट्रवादी सैन्य बेटावर येऊन थडकले. २५ ऑक्टोबर १९४९ च्या पहाटेपूर्वी चीनच्या कम्युनिस्ट सैन्याचे सुमारे ९,००० जवान बहुतांशी मासेमारीच्या नावांतून गुनिंगटौच्या किनाऱ्यावर उतरले. ओहोटी लागली, नावा वाळूत रुतल्या, आणि मागच्या तुकडीला आणायला परत जाण्यासाठी एकही उरली नाही. तीन दिवसांत उतरलेले जवळपास सगळे मारले गेले किंवा पकडले गेले. चँग कै-शेकच्या पराभवांच्या मालिकेतला हा दुर्मिळ विजय ठरला, आणि त्या विजयाने किनमेनला कायमचे छावणीत ढकलले. खंदक आणि मोर्चे घाईने उभे करायचे होते, सामान नव्हते. सैनिकांनी गावातील घरांची दारे काढून नेली, भिंतींच्या विटा नेल्या, कबरींवरचे दगडही नेले. ‘सोन्याच्या दारा’ची डागडुजी अशी गरिबांच्या दारांनी झाली.

२३ ऑगस्ट १९५८ च्या संध्याकाळी समोरच्या किनाऱ्यावरून तोफांचा भडिमार सुरू झाला. पहिल्याच माऱ्यात किनमेनच्या सैन्याचे तीन उपसेनापती ठार झाले. पुढच्या ४४ दिवसांत सुमारे ४,७०,००० गोळे पडले. चौरस किलोमीटरमागे तीन हजारांहून अधिक. अमेरिकेने तैवानच्या रसद जहाजांना संरक्षण दिले, आठ इंची तोफा पुरवल्या, आणि बेटाची कोंडी फुटली. मग घडले ते युद्धाच्या इतिहासात विरळाच. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरअखेर बीजिंगने जाहीर केले की यापुढे मारा फक्त विषम तारखांना होईल. कालांतराने गोळ्यांत स्फोटकांऐवजी प्रचारपत्रके भरली जाऊ लागली. हा क्रम १ जानेवारी १९७९ रोजी, अमेरिका आणि चीन यांचे राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले त्या दिवशी, थांबला.

या विचित्र वेळापत्रकामागे हिशेब होता. किनमेन चँगच्या हाती राहिले तर तैवान चीनच्या किनाऱ्याशी बांधलेले राहील. ते घेतले तर तैवान कायमचे वेगळे पडेल, असा विचार माओने केला. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर चँगला तेथील सैन्य कमी करण्यास सांगत होते, चँग नाकारत होता. म्हणजे बेट राखण्यात राखणाऱ्याला रस होता आणि वेढा घालणाऱ्यालाही. १९५८ नंतर किनमेन पडले नाही याचे श्रेय केवळ तोफा आणि तटांना देणारी वर्णने हा अर्धा भाग गाळतात.

तटबंदी मात्र आणखी खोल गेली. १९५८ मध्ये उघड्या वाळूवर रसद उतरवताना जहाजे तोफांच्या टप्प्यात येत, म्हणून बेटाच्या ग्रॅनाइटमध्ये थेट समुद्राला जोडलेले बोगदे खोदले गेले. चायशानचा बोगदा १९६१ ते १९६६ या काळात तयार झाला: इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराचा ३५७ मीटरचा जलमार्ग, आत ४२ लहान बोटींची सोय. सैनिकांनी तो मुख्यतः सुरुंग आणि साध्या हत्यारांनी खोदला. पण समुद्राच्या वाळूने तो भरत राहिला आणि लष्कराला पुढे सोडून द्यावा लागला. डोंगराच्या पोटात सभागृह आणि इस्पितळ झाले, गावांखाली भुयारे झाली. किनाऱ्यावर काँक्रीटमध्ये रोवलेले रुळांचे अणकुचीदार तुकडे शत्रूच्या नावांची वाट पाहत तिरके उभे राहिले.

त्या भुयारांवर राहणाऱ्यांसाठी १९५६ पासून लष्करी प्रशासन होते. धडधाकट स्त्री-पुरुषांना नागरी संरक्षण दलात कवायत सक्तीची. रात्री संचारबंदी आणि काळोख. तैवानला जायचे तर परवाना. चलनी नोटांवर ‘फक्त किनमेनमध्ये वैध’ असा शिक्का. बास्केटबॉलसारख्या तरंगणाऱ्या वस्तूंवरही नियंत्रण होते, कारण त्यांच्या आधारे कुणी पोहत पलीकडे जाईल ही भीती. रोगराई रोखण्यासाठी घराघराला उंदरांच्या शेपट्या ठरावीक संख्येने जमा कराव्या लागत. तैवानमध्ये मार्शल लॉ १९८७ मध्ये उठला. किनमेनला नोव्हेंबर १९९२ पर्यंत थांबावे लागले.

सैन्य आटले, तशी त्याच्यावर चालणारी खानावळी-दुकानांची बाजारपेठही आटली. १९५० च्या दशकात लष्कराच्या आश्रयाने सुरू झालेला ज्वारीच्या दारूचा कारखाना मात्र काउंटीचा आर्थिक कणा बनून राहिला. १९९५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, बोगदे पर्यटकांना खुले झाले, तोफगोळ्यांच्या पोलादाच्या सुऱ्या विकल्या जाऊ लागल्या. किनाऱ्यांवरील भूसुरुंग काढण्याचे काम संपण्यास २०१३ साल उजाडले. २००१ पासून शियामेनला थेट बोटी सुरू झाल्या होत्याच.

तणाव अर्थातच संपलेला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये तैवानच्या तटरक्षक दलाने पाठलाग केलेली एक चिनी बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. तेव्हापासून चिनी तटरक्षक जहाजे किनमेनच्या पाण्यात वारंवार येतात. पण कुठल्याही किल्ल्याची खरी परीक्षा पाण्यावर होते, आणि किनमेनमध्ये गोडे पाणी कायमच अपुरे. ऑगस्ट २०१८ पासून ते समुद्राखालच्या नळाने फूजियानमधून येते. उद्घाटनाचा समारंभ पुढे ढकलावा असे तैपेईने सुचवले होते. काउंटीने तो ठरल्या दिवशीच केला.