नाताळचें ताट

मार्गशीर्ष सरूं लागला, वाळवें तालुक्यांत ऊसतोडीची गडबड उडाली आणि कृष्णा-वारणेच्या मधल्या मुलखांत थंडी अंगांत भिनूं लागली, म्हणजे इस्लामपूर व भोंवतालच्या गांवांतील ख्रिस्ती घरांस नाताळचे वेध लागतात. हा सण परका आहे, अशी आमच्यांतील पुष्कळांची समजूत आहे. नाताळ हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला हें खरें. परंतु या घरांतील कढईंत काय तळलें जातें, हें त्यांनीं एकदां डोकावून पाहावें. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, लाडू. दिवाळीचाच फराळ पुन्हां एकवार! दारापुढें रांगोळी, वर चांदणीचा कागदी कंदील. रे. नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतल्यावर जीं भजनें रचिलीं, त्यांनीं मराठी उपासनेस देशी सूर दिला. आणि रात्र रात्र जागून फराळ करावयाचा तो बायकांनींच. या बाबतींत धर्मांतरानें कांहीं फरक पडल्याचें आम्हांस दिसत नाहीं!

या बाजूस १८५२ सालीं रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरास आले; मिरजेस १८९४ सालीं डॉ. वॉनलेस यांचें रुग्णालय निघालें. मिशनच्या आश्रयास गेलेल्यांत पुष्कळजण अस्पृश्य मानिलेल्या जातींतील होते, आणि आमच्या सांगण्याचा मुद्दा येथेंच आहे.

शेजारचें ताट रिकामें परत धाडूं नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, अशी आपली जुनी रीत आहे. दिवाळींत ख्रिस्ती शेजाऱ्याकडे गेलेलें ताट नाताळांत भरून येतें. अनेक आळ्यांत हें मोकळेपणानें चालतें, याचा आम्हांस आनंद वाटतो. परंतु कांहीं घरें अशींही आहेत कीं, ताट हंसतमुखानें घेतात आणि दार लोटल्यावर आंतला फराळ गड्यामाणसास देऊन टाकितात. ताट आणणाऱ्या पोरास हें कळत नाहीं, असें कोणीं समजूं नये. रुमाल ज्या घाईनें परत हातीं येतो, तीवरून त्यास सर्व उमजतें. ख्रिस्ती बंधूंसही आमचें विचारणें आहे: सोयरीक जमवितांना जुनी जात हळूच विचारली जाते, ती कोणत्या शास्त्राधारें?

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींत फक्त हिंदूंस धरिलें. पुढें १९५६ सालीं शिखांस व १९९० सालीं बौद्धांस त्यांत घेतलें, ख्रिस्ती झालेले मात्र बाहेरच राहिले. कागद म्हणतो, तुझी जात गेली. शेजारची ओसरी म्हणते, अजून आहे. कागदाचा वाद दिल्लींत मिटेल तेव्हां मिटो. ओसरीचा निकाल इस्लामपुरांतच लागावयाचा आहे, आणि त्यास वकील लागत नाहीं. येत्या २५ डिसेंबरास ताट आलें म्हणजे वाचकांनीं त्या पोरास क्षणभर आंत बसवावें, आणि त्याच्यादेखत एक करंजी मोडून तोंडांत घालावी.